बेलाउस्ते आघाडीचा नव्हे, मधल्या फळीचा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या आपल्या क्रीडा पुरवणीत जुन्या ऑलिंपिकच्या आठवणी सांगणाऱ्या सदरात १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकवर अर्धे पान होते आणि त्यातल्या एका चौकटीत होसे मारिया बेलाउस्ते या फुटबॉलपटूची ओळख करून दिली होती. शंभर वर्षांपूर्वीच्या एका बास्क, म्हणजे उत्तर स्पेनमधल्या बास्क मुलखातल्या, खेळाडूला नाशिकच्या आवृत्तीत चार बोटांची का होईना जागा मिळाली, याचा मला इतका आनंद झाला की हातातला चहा निवेपर्यंत मी ती चौकट दोनदा वाचली. आणि दुसऱ्या वाचनात तो आनंद थोडा उतरला. चौकटीत त्याला ‘स्पेनचा आघाडीपटू’ म्हटले आहे, स्वीडनविरुद्ध त्याने ‘विजयी गोल’ केला असे लिहिले आहे आणि सोबत जे छायाचित्र छापले आहे ते त्याचे नाही. छायाचित्राबद्दल शेवटी लिहितो. पहिल्या दोन चुका वरवर किरकोळ वाटतील, पण त्या दुरुस्त केल्या की या माणसाची सारी कारकीर्दच वेगळी दिसू लागते, म्हणून हा लांबलेला पत्रप्रपंच. (पत्रात बेलाउस्तेचा उल्लेख मी एकेरीच केला आहे. मैदानावरच्या माणसाला आम्ही जुने खेळाडू ‘अरे’च म्हणतो, त्यात अनादर नसतो.)

आधी त्या गोलाचे बघू. १ सप्टेंबर १९२० रोजी अँटवर्पच्या ऑलिंपिक मैदानावर स्पेन आणि स्वीडन यांची गाठ पडली. पहिल्या डावात स्वीडनने एक गोल चढवला होता आणि सामना इतका दांडगाईचा चालला होता की चेंडूपेक्षा नडग्यांनाच जास्त लाथा बसत होत्या. मध्यंतरानंतर थोड्याच वेळात स्पेनला फ्री किक मिळाली. ती घ्यायला सबिनो बिल्बाओ हा बेलाउस्तेचाच सहकारी उभा होता, आणि मागून धावत येणाऱ्या बेलाउस्तेने त्याला ओरडून सांगितले की चेंडू माझ्याकडे दे, मी यांना तुडवत आत जातो. या आरोळीचे नेमके शब्द सांगणाऱ्यागणिक थोडे बदलतात, परंतु पुढे काय झाले याबद्दल सर्वांचे एकमत आहे: सहा फुटांहून उंच असा हा धिप्पाड गडी अंगाला लोंबकळणाऱ्या स्वीडिश खेळाडूंसकट चेंडू घेऊन गोलात शिरला. आज पंच शिट्टी फुंकून असा गोल रद्द करील. त्या काळी खांद्याने धडक मारणे, अगदी गोलरक्षकालाही मारणे, नियमात बसत होते. मात्र या गोलाने सामना एक-एक असा बरोबरीत आला, एवढेच. त्यानंतर लगेच दुसरा गोल केला तो डाव्या बगलेवरच्या दोमिंगो आसेदोने, आणि स्पेन २-१ असा जिंकला तो त्या गोलावर. आसेदोचे नाव आपल्या चौकटीत कुठेच नाही, आणि त्याला कुणी चौकट देईल अशी आशाही नाही.

आता मुद्द्याचे. बेलाउस्ते सेंटर हाफ होता. आजच्या तरुण वाचकांना या शब्दाने गोंधळायला होईल, कारण पुढे पुढे सेंटर हाफ म्हणजे बचावफळीतला मधला रक्षक असा अर्थ रूढ झाला. बेलाउस्तेच्या काळात संघ दोन-तीन-पाच असा उभा राहत असे: मागे दोन फुलबॅक, पुढे पाच फॉरवर्ड आणि मधोमध तीन हाफ. त्या तिघांतला मधला तो सेंटर हाफ. प्रतिस्पर्ध्याच्या सेंटर फॉरवर्डला रोखायचे त्यानेच, त्याच्या पायातून काढून घेतलेला चेंडू बगलेला द्यायचा त्यानेच, आणि सगळा खेळ उजवीकडून डावीकडे फिरवायचा तोही त्यानेच. पूर्ण मैदान ज्याच्या दोन्ही अंगांना सारखे पसरलेले असते असा अकरा जणांतला हा एकटा माणूस. तेव्हाच्या ऑफसाइडच्या नियमाप्रमाणे आक्रमकाच्या आणि गोलरेषेच्या दरम्यान प्रतिपक्षाचे तीन खेळाडू लागत, त्यामुळे मागे दोनच फुलबॅक ठेवूनही संघाचे निभावून जाई आणि सेंटर हाफला मोकळेपणी पुढे-मागे करता येई. १९२५ मध्ये तीनाचे दोन झाले, फॉरवर्ड मोकाट सुटले आणि त्यांना आवरण्यासाठी सेंटर हाफला मागे ओढून फुलबॅकांच्या मध्ये नेऊन बसवण्यात आले. बेलाउस्तेने खेळणे थांबवले तेही त्याच सुमारास. ज्या जागेवर तो उभी हयात खेळला, ती जागाच त्याच्या पाठोपाठ मैदानावरून नाहीशी झाली. म्हणून आजच्या भाषेत त्याला काय म्हणावे हा प्रश्न पडतो आणि सदरलेखकाने गोल पाहून त्याला आघाडीला टाकले असावे.

ही जागा काय असते ते मी पुस्तकात नंतर वाचले, आधी देवळालीत पाहिले. पन्नासेक वर्षांपूर्वी आम्ही नाशिकरोडची मुले रविवारी सायकली मारत देवळाली कॅम्पात जायचो आणि जवानांच्या संघाशी खेळायचो. मी लेफ्ट हाफ होतो. आमचा सेंटर हाफ कॅम्पातल्याच एका शिंप्याच्या दुकानात कामाला असे, वयाने आमच्याहून दहा वर्षांनी मोठा आणि कमरेत थोडा वाकलेला. चेंडू तेव्हा चामड्याचा, वरून लेस बांधलेला. आतल्या ब्लॅडरमध्ये सायकलच्या पंपाने हवा भरायची, त्याची नळी दुमडून सुतळीने करकचून बांधायची, ती चामड्याखाली दडपायची आणि मग दाभणाने लेस ओढत तोंड शिवायचे, हे काम आम्ही कुणीही केले तरी चेंडूला एका बाजूने टेंगूळ यायचे. हा शिंपी ते असे करी की लेस कुठे आहे ते बोटांनी चाचपावे लागे. पावसाळ्यात देवळालीच्या चिखलात अर्धा तास खेळले की त्याच चेंडूचे वजन पाण्याने दुप्पट झाल्यासारखे वाटे आणि उंचावरून येणारा चेंडू डोक्याने मारला की कपाळावर लेशीचा वळ उमटे. आमचा शिंपी डोक्याला रुमाल बांधी, चारी कोपऱ्यांना गाठी मारून. आम्ही हसायचो. दोन मोसम मी त्याच्या डाव्या हाताला खेळलो, पण त्याने गोल केल्याचे मला एकदाही आठवत नाही. आठवते ते एवढेच की माझ्याकडून सुटलेल्या चेंडूमागे मी वळून पाहीपर्यंत तो तिथे पोचलेला असायचा. पुढे बऱ्याच वर्षांनी बेलाउस्तेच्या बिल्बाओ शहरातल्या जुन्या संघाची छायाचित्रे पाहताना एका खेळाडूच्या डोक्यावर तसाच गाठी मारलेला पांढरा रुमाल दिसला आणि तिथून माझा या विषयाचा नाद सुरू झाला.

बेलाउस्तेचा जन्म १८८९ चा, बिल्बाओचा. पूर्ण आडनाव बेलाउस्तेगिगोइतिया. बास्क आडनावे बहुधा घराच्या किंवा वस्तीच्या नावावरून पडलेली असतात आणि ‘गोइतिया’ म्हणजे वरचा, तेव्हा ‘वरच्या बेलाउस्तेगीचे’ असा काहीसा अर्थ. आपल्याकडे ‘कर’ लावून गाव सांगावे त्यातलाच प्रकार. प्रेक्षकांना सामन्यात एवढे लांब ओरडायला वेळ नसल्यामुळे असेल, पण त्याचे बेलाउस्ते झाले. बिल्बाओ म्हणजे लोखंडाच्या खाणी, गोद्या आणि नेर्वियोन नदीच्या खाडीतून इंग्लंडला जाणारी जहाजे. त्या जहाजांबरोबर आलेल्या इंग्रज कामगारांनी व इंजिनियरांनी आणि इंग्लंडला शिकून परतलेल्या बिल्बाओच्या श्रीमंत मुलांनी तिथे फुटबॉल रुजवला, जसा आपल्याकडे तो देवळालीच्या छावणीतल्या गोऱ्या पलटणींनी आणला. १८९४ मध्ये बिल्बाओजवळच्या लामियाको मैदानावर स्थानिक पोरांनी इंग्रजांना सामन्याचे आव्हान दिले आणि सपाटून मार खाल्ला. पुढच्या चार वर्षांत, म्हणजे १८९८ मध्ये, अ‍ॅथलेटिक क्लबचा जन्म झाला. याच क्लबात बेलाउस्ते विशी गाठण्याच्या आत आला आणि तिशी उलटून गेल्यावरही खेळत राहिला. दुसरा क्लब त्याने केला नाही.

त्या काळात स्पेनमध्ये साखळी स्पर्धा नव्हती. ‘ला लीगा’ सुरू झाली १९२९ मध्ये. देशभरात मानाचा चषक एकच, राजाच्या नावाचा, आणि अ‍ॅथलेटिकने तो १९१०, १९११, १९१४, १९१५, १९१६, १९२१ आणि १९२३ असा जिंकला, त्यांतला मधला तीन वर्षांचा सलग पट्टा तर सर्वांत मोठ्या दिमाखाचा. १९१५ च्या अंतिम सामन्यात एस्पान्योलला पाच गोल, १९१६ च्या अंतिम सामन्यात रेआल माद्रिदला चार, आणि दोन्हीत आपल्यावर शून्य. या आकड्यांपैकी पाच आणि चार सगळे लक्षात ठेवतात, ते पिचिचीसारख्या फॉरवर्डांचे. शून्ये मागच्या आणि मधल्या फळीची, आणि ती कुणाच्या खात्यावर जमा होत नाहीत. फुटबॉल खेळून पैसे घेणे तेव्हा स्पेनमध्ये नियमाने मान्य नव्हते, ती मोकळीक १९२६ ची. बेलाउस्ते शिकून वकील झालेला होता, म्हणजे आठवड्याभराचे पोटापाण्याचे आणि रविवारचे मैदानाचे असे दोन वेगळे संसार त्याने चालवले. १९१३ मध्ये सान मामेस हे क्लबचे नवे मैदान उघडले, त्यावरचा पहिला गोल पिचिचीचा. त्याआधी १९११ च्या चषकस्पर्धेत अ‍ॅथलेटिकने इंग्रज खेळाडू उतरवल्यावरून मोठा वाद झाला आणि तेव्हापासून या क्लबात बास्क मुलखात जन्मलेला किंवा तिथेच खेळ शिकलेला खेळाडूच घ्यायचा असा दंडक पडला, तो आजही पाळला जातो. त्याच १९११ सालच्या जुलैत कलकत्त्याला मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला हरवून आयएफए शील्ड जिंकली होती. इंग्रजांकडून शिकलेला खेळ इंग्रजांशिवाय, किंवा इंग्रजांविरुद्ध, खेळून दाखवायचा हट्ट तेव्हा पृथ्वीच्या दोन कोपऱ्यांत एकाच वर्षी चालू होता असे मला नेहमी वाटत आले आहे.

इथे त्या ‘स्पेनचा’ या शब्दाकडे यायला हवे. बेलाउस्ते हा बास्क राष्ट्रवादी होता, तोही घराण्यासकट आणि उघडपणे. सबिनो आराना याने १८९५ मध्ये स्थापलेल्या पक्षाने बास्क लोक ही स्वतंत्र भाषा असलेली स्वतंत्र जमात आहे असा विचार मांडला होता आणि त्या विचारात वाढलेल्या पहिल्या पिढीतला हा खेळाडू. त्याच्या त्या एका गोलावरून वर्तमानपत्रांनी ‘स्पॅनिश फ्युरिया’, म्हणजे स्पॅनिश त्वेष, असा शब्द खेळाला चिकटवला. त्यात खोच अशी की १५७६ मध्ये स्पॅनिश सैनिकांनी ज्या अँटवर्प शहराची लुटालूट आणि कत्तल केली होती, त्या घटनेला इतिहासात आधीपासूनच ‘स्पॅनिश फ्युरी’ म्हणत होते. पुढे स्पेनचा हुकूमशहा जनरल फ्रँको याच्या राजवटीने हा त्वेष म्हणजे स्पॅनिश रक्ताचा गुण म्हणून मिरवला आणि त्याचे पहिले उदाहरण म्हणून ज्याचे नाव घेतले जाई तो स्पेनपासून वेगळे होऊ पाहणाऱ्या चळवळीतला माणूस होता. मला स्वतःला या शब्दाचा दुसऱ्याच कारणासाठी राग आहे. वीस-पंचवीस पावलांच्या एका मुसंडीला त्वेष म्हणून डोक्यावर घेतले की उरलेले नव्वद मिनिटांचे शहाणपण, म्हणजे कुठे उभे राहायचे आणि कुणाला केव्हा चेंडू द्यायचा हे, आपोआप खाली पडते. बेलाउस्ते नुसता रेडा असता तर चषकांवर चषक जिंकणाऱ्या संघाच्या मधोमध त्याला कुणी ठेवले असते?

नाशिककरांना ही नावांची गंमत समजायला कठीण जाऊ नये. आपले मोठे मैदान कागदोपत्री हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान आहे. १९०९ मध्ये याच गावात जॅक्सनवर गोळ्या झाडणाऱ्या तरुणाचे ते नाव. तरीही सकाळी चालायला निघताना मी घरात ‘गोल्फ क्लबवर जाऊन येतो’ असेच सांगतो, आणि रिक्षावालाही गोल्फ क्लबच म्हणतो. बास्क राष्ट्रवाद्यांनी आपला प्राणप्रिय क्लब ‘अ‍ॅथलेटिक’ या इंग्रजी नावाने चालवला तो असाच. फ्रँकोने १९४१ मध्ये परकी नावांवर बंदी घालून त्याचे स्पॅनिश ‘अ‍ॅट्लेटिको’ करायला लावले, तेव्हा बिल्बाओच्या माणसाला तो स्वतःच्या अस्मितेवरचा घाला वाटला आणि १९७२ मध्ये जुने इंग्रजी नाव परत मिळाले तेव्हा तो स्वतःचा विजय वाटला. नाव कुठल्या भाषेतले आहे यापेक्षा ते कुणाच्या तोंडी रुळले आहे, याला गावात किंमत असते.

अँटवर्पला आपल्या मुलखाचीही माणसे होती, आणि ही गोष्ट त्या अर्ध्या पानात यायलाच हवी होती. सर दोराबजी टाटा यांच्या पुढाकाराने भारताचा पहिला संघ ऑलिंपिकला गेला तो १९२० मध्येच. बेळगावचे फडेप्पा चौगुले २२ ऑगस्टला तिथे मॅरेथॉन धावले आणि २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत एकोणिसावे आले; कुस्तीत रणधीर शिंदे यांचे कांस्यपदक थोडक्यात हुकून ते चौथे राहिले. चौगुले ज्या मैदानात शर्यत संपवून आत आले, त्याच मैदानात दहा दिवसांनी बेलाउस्तेने तो गोल केला. इकडे लोकमान्य जाऊन महिना झाला होता आणि नाशिकच्या चौकांत त्या सप्टेंबरात फुटबॉलचा कुणी उल्लेखही केला नसणार, हे खरे. पण आज शंभर वर्षांनी पान काढायचे झाले तर त्यात बेलाउस्तेशेजारी चौगुले आणि शिंदे यांना जागा असावी, एवढे तर मागता येईल.

स्पेनला रौप्यपदक मिळाले त्याची हकिगतही चौकटीत फार सोपी करून टाकली आहे. स्पेनचा तो पहिलावहिला राष्ट्रीय संघ. २८ ऑगस्टला ब्रुसेल्समध्ये त्याने आयुष्यातला पहिला सामना खेळून डेन्मार्कला एका गोलाने हरवले. त्या अकरा जणांत बास्क सात होते, आणि तो एकमेव गोल करणारा पात्रिसिओ आराबोलासाही बास्कच, इरुन गावचा. दुसऱ्याच दिवशी यजमान बेल्जियमने ३-१ असे हरवून त्यांना सुवर्णाच्या मार्गातून बाहेर काढले. दुय्यम बक्षिसांच्या फेरीत त्यांनी स्वीडनला, लगोलग दुसऱ्या दिवशी इटलीला हरवले. इटलीविरुद्ध गोलरक्षक झामोराने प्रतिस्पर्ध्याला ठोसा मारल्यामुळे त्याला बाहेर काढले होते, तरी सेसूमागाच्या दोन गोलांवर सामना निभावला. तिकडे अंतिम सामन्यात चेकोस्लोव्हाकियाचा संघ इंग्रज पंचाच्या निर्णयांवर चिडून पहिल्याच डावात मैदान सोडून गेला, त्यांना स्पर्धेतून बाद केले गेले आणि दुसरे स्थान रिकामे पडले. त्यासाठी ५ सप्टेंबरला स्पेनने हॉलंडला ३-१ असे हरवले. नऊ दिवसांत पाच सामने, बदली खेळाडू नाही. यांपैकी तीन सामने बेलाउस्ते खेळला आणि देशाच्या संघातली त्याची सारी कारकीर्द त्या तीन सामन्यांची. तेव्हा त्याने एकतिशीत पाऊल टाकले होते. वर्षानुवर्षे बिल्बाओत, नऊ दिवस स्पेनसाठी, आणि आठवण राहिली ती या नऊ दिवसांतल्या एका धावेची.

पुढचे थोडक्यात सांगतो, कारण ते सुखाचे नाही. राजकीय मतांपायी त्याला मायभूमी सोडावी लागली. १९३७ च्या एप्रिलमध्ये स्पेनच्या यादवी युद्धात गेर्निका या बास्क गावावर बॉम्ब पडले, त्याच सुमारास बास्क सरकारने पैसा आणि सहानुभूती मिळवण्यासाठी आपल्या निवडक फुटबॉलपटूंचा एक संघ युरोपभर पाठवला. तो फिरत फिरत मेक्सिकोला पोचला आणि १९३८-३९ च्या मोसमात मेक्सिकोच्या साखळीत दुसरा आला, पण परत जायला त्याला देश उरला नव्हता. बेलाउस्तेच्या पिढीतल्या आणि त्यानंतरच्या कितीतरी बास्कांना मेक्सिकोनेच आसरा दिला. बेलाउस्ते १९६४ मध्ये मेक्सिको सिटीत वारला. बास्क ध्वजावरची फ्रँकोची बंदी तेव्हा कायम होती. १९७६ च्या डिसेंबरात अ‍ॅथलेटिक आणि रेआल सोसिएदाद या दोन बास्क क्लबांचे कर्णधार, इरिबार आणि कोर्ताबार्रिया, तोच बंदी असलेला ध्वज दोघांनी मिळून धरून मैदानात उतरले. तो दिवस पाहायला बेलाउस्ते हवा होता असे मला फार वाटते.

आता हे सारे नाशिकच्या वर्तमानपत्राला कळवायचे कारण. माझा नातू शनिवार-रविवार फुटबॉलच्या शिबिराला जातो. तिथे बावीस मुले आहेत आणि बावीसही मुलांना सेंटर फॉरवर्ड व्हायचे आहे. नातवाला प्रशिक्षकांनी मध्ये उभे केले तर तो घरी रुसून आला. २०२४ च्या युरो स्पर्धेचा अंतिम सामना आम्ही दोघांनी रात्री जागून पाहिला होता. शेवटच्या मिनिटांत स्पेनच्या ओयार्सबालने गोल केला तेव्हा तो गादीवर उड्या मारत होता. मी त्याला सांगितले की मध्यंतराला रॉड्री जायबंदी होऊन बाहेर गेल्यावर त्याच्या जागी सुबिमेंदी आला, तोही सान सेबास्तियानचा बास्कच, आणि त्यानंतर मधली फळी ढळली नाही म्हणून त्या गोलाची वेळ आली. नातू म्हणाला, “आजोबा, पण त्याने काय केलं?” याला उत्तर देणे अवघड आहे, आणि वर्तमानपत्रे ते अधिकच अवघड करून ठेवतात. दोन वर्षांपूर्वी शहरातल्या एका आंतरशालेय स्पर्धेत मी पाहुणा म्हणून बसलो होतो. सर्वोत्तम खेळाडूचा चषक तीन गोल करणाऱ्या मुलाला मिळाला, आणि पूर्ण स्पर्धेत जिच्यामुळे समोरच्या संघाला मधून एकदाही वाट मिळाली नाही, ती आडगावकडची नववीतली मुलगी, जी मुलांच्या संघात खेळत होती, टाळ्या वाजवत मागच्या रांगेत उभी होती. आयोजकांना मी विचारले तेव्हा मिळालेले उत्तर असे, की गोल मोजता येतात. बातमीतही दुसऱ्या दिवशी गोलच मोजलेले होते.

म्हणून विनंती एवढीच की येत्या रविवारी त्याच सदरात, त्याच आकाराच्या चौकटीत, पुढील दुरुस्ती छापावी: बेलाउस्ते हा अ‍ॅथलेटिक क्लब बिल्बाओचा सेंटर हाफ होता, स्वीडनविरुद्धचा त्याचा गोल बरोबरीचा होता आणि विजयाचा गोल आसेदोचा. छायाचित्रात डोक्याला चार गाठींचा पांढरा रुमाल बांधलेला जो सडपातळ माणूस आहे तो राफाएल मोरेनो, म्हणजे पिचिची. १९२२ मध्ये अवघ्या एकोणतिसाव्या वर्षी तो टायफसने गेला, सान मामेसवर त्याचा अर्धपुतळा आहे आणि तिथे प्रथमच खेळायला येणाऱ्या संघाचा कर्णधार त्यापुढे फुले वाहतो, तेव्हा त्याचा चेहरा दुसऱ्याच्या नावावर जाऊ नये. बेलाउस्तेचे छायाचित्र मिळवायचे तर त्या काळातल्या अ‍ॅथलेटिकच्या कोणत्याही सांघिक छायाचित्रात शोधावे. सगळ्यांत उंच दिसतो तो.

आपला,
एक वाचक (जुना लेफ्ट हाफ)
जेल रोड, नाशिकरोड